खंडेनवमीला न शिवलेला संगणक

के. आर. पुरम

बंगळुरूहून परतल्यावर ऑफिसात प्रत्येकाने हवेबद्दल विचारलं. हवा छान होती, असं मी सांगत राहिलो. खोटं नव्हतं ते. सकाळी अंगावर काहीतरी ओढून घ्यावंसं वाटे आणि दुपारी झाडाखाली दोन मिनिटं उभं राहिलं की घाम वाळे. पण मी हवा खायला गेलो नव्हतो, आणि कागदावर ज्या कामासाठी गेलो तेही पुरतं खरं नव्हतं. त्यामुळे हे वर्णन जरा अडखळत सुरू होतंय. सांभाळून घ्या.

कागदावरचं काम असं. मी एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात अभियंता आहे. वय चोपन्न. पाणी, वीज, रेल्वे, बंदरं ही कामं थांबली तर देश थांबतो. तिथले संगणक परक्या हातांपासून कसे सांभाळायचे, याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण बंगळुरूला होतं. आमच्या गावावर तीन वर्षांपूर्वी असा हात पडला होता, म्हणून ‘अनुभवी केंद्र’ अशी नोंद होऊन माझी निवड झाली. पत्र वाचलं आणि खणात पालथं घालून ठेवलं.

मनातलं काम म्हणजे मनोहर राव. ते बंगळुरूचे. आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात संगणक बसवणाऱ्या कंपनीचे ते देखभाल अभियंता होते. आमच्याकडे जे घडलं त्याचं खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं, आणि ते फुटताना मी शेजारी उभा होतो. तीन वर्षांत त्यांना एक फोन केला नाही. त्यांचा जयनगरचा पत्ता मात्र मी एका डायरीतून दुसऱ्या डायरीत उतरवत आलो होतो.

के. आर. पुरमला सकाळी उतरलो. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला संस्थेचं नाव सांगितलं. तो म्हणाला, “स्वल्प दूर आहे सर, ट्रॅफिक पण आहे.” दूर नव्हतं. ट्रॅफिक मात्र होतं. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला, आणि त्या वेळात मी रस्त्याकडेला रचलेले कोहळ्यांचे ढीग पाहत बसलो. राखी रंगाचे, एकेक लहान मुलाएवढा. आयुधपूजा तोंडावर आली होती. आपण जिला खंडेनवमी म्हणतो तीच, पण आपल्याकडे ती दसऱ्याच्या आड उभी असते. इथे अख्खं शहर तिची तयारी करत होतं. वेळापत्रक आखणाऱ्याला हे सुचलं नसावं, कारण आमच्या पाच दिवसांत बुधवार आणि गुरुवार सुट्टीचे निघाले.

खंडेनवमीचा विषय निघाला की मी तो बदलतो. का, ते पुढे येईल.

वर्ग

वर्गात आम्ही तीसेक जण होतो. विजेचे, पाण्याचे, बंदराचे, ओडिशापासून गुजरातपर्यंतचे. बहुतेक माझ्याच वयाचे. खिशाला पेन आणि चेहऱ्यावर हे आपल्याला आता कशाला, असा भाव. शिकवायला वसुधा मॅडम होत्या. पन्नाशीच्या, बंगळुरूच्याच, सुती साडी, आवाज बारीक पण थांबत नसे.

“सीमेवर चौकी असते,” त्या हिंदीत म्हणाल्या. “इथे तुमची चौकी म्हणजे टेबलाखालची वायर. पलीकडे कुठल्या देशाची पगारी माणसं आहेत की कुणी घरात बसलेला भुरटा, हे महिनोन्‌महिने कळत नाही. पुष्कळदा कधीच कळत नाही. कुणावर रागवायचं तेच ठाऊक नसलं की माणसं रागावत नाहीत, आणि राग नसला की कुणी कामाला लागत नाही.”

बंदराच्या एका गृहस्थांनी विचारलं, “पण मॅडम, नवी सुरक्षा टाकायची तर यंत्रं बंद ठेवावी लागतात. आमची वीस वर्षं बंद झालेली नाहीत.”

“आणि तुमचं पाणी?” त्या माझ्याकडे वळल्या. “दोन दिवस बंद ठेवून संगणक दुरुस्त करतो म्हणालात तर चालेल?”

“नगरसेवक मला टाकीत टाकतील,” मी म्हणालो. वर्ग हसला. मीही हसलो. मी असा हसतखेळत गप्प राहणारा माणूस आहे, हे मला तेव्हा पुन्हा जाणवलं.

मग त्यांनी विचारलं, “कुणाच्या केंद्रात प्रत्यक्ष काही घडलंय? नाव नको, गाव नको. काय झालं तेवढं सांगा.”

एकही हात वर झाला नाही. पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला. मॅडमनी पुरेसा वेळ वाट पाहिली आणि फळा पुसला.

मग कॉफीची सुट्टी झाली. स्टीलच्या पेल्यातली ती कॉफी फार चांगली असते. आमच्याकडच्या पिवळट साखरपाण्याला कॉफी म्हणू नये असं वाटायला लागतं. त्या पेल्यांभोवती सगळ्यांना कंठ फुटला. विजेच्या एका माणसाने मला सांगितलं, त्यांच्याकडे आठवडाभर कुणीतरी आत बसून होतं. वर कळवलं ते ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून. ओडिशाच्या मोहंतींनी खांद्याला खांदा लावून म्हटलं, “आमच्याकडे तर साहेब म्हणाले, नोंदच करू नका, नोंद केली की चौकशी लागते.” दोघे-तिघे हसले. पेले ठेवून आम्ही आत गेलो आणि पुन्हा मुके झालो.

मॅडमना हे माहीत असावं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला त्या एवढंच म्हणाल्या, “घुसणारे आपापसात सगळं सांगतात. कुठली खिडकी उघडी मिळाली, कुठली किल्ली कुठे चालली. आणि आपण? आपण कॉफीपुरतं बोलतो.”

मला वाटलं त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. पाहिलं नसेलही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, दुपारीच संस्थेत पूजा झाली, कारण बुधवारी सुट्टी. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक संगणकावर हळदकुंकवाची बोटं, कळफलकावर झेंडूचं फूल, दाराशी केळीचे खुंट. शिपायाने कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरलं आणि तो रस्त्यावर आपटला. लाल लगदा पसरला. मग सगळ्यांना कागदाच्या पुडीतून कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे आणि फुटाणे. पुजाऱ्यांनी सांगितलं, “आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही.” मॅडमनी हात जोडले आणि आपला लॅपटॉपही आरतीच्या ताटाशेजारी ठेवला.

मी पुडी हातात धरून त्या फुलाकडे पाहत राहिलो. माझी चूक नेमकी अशा फुलापासून सुरू झाली होती.

आमच्या केंद्रातही खंडेनवमीला पूजा व्हायची. पाने-पकडी, पंप, पॅनेल, सगळ्यांना फूल. एकदा फूल वाहिलं की दुसऱ्या सकाळपर्यंत शिवायचं नाही. पण पाणी थांबवता येत नाही. जुन्या दिवसांत आमचा ऑपरेटर पहाटेच टाक्या भरून घ्यायचा आणि अगदीच नड आली तर देवाची माफी मागून व्हॉल्व्ह फिरवायचा. संगणक आल्यावर मला एक अक्कल सुचली. संगणकात घरून चालवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं आणि बाहेरच्या नेटसाठी त्याच्या पाठीमागे एक डोंगल खोचला. खंडेनवमीला मी घरी झोपाळ्यावर बसून मोबाइलवरून पंप चालू केला. कळफलकावरचं फूल हललंसुद्धा नाही. केंद्रातली माणसं खूश झाली. “साहेबांनी देवालाही सांभाळलं आणि गावालाही,” असं कुणीसं म्हणालं. मला ते आवडलं.

मनोहर रावांनी संगणक बसवताना एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती. हे यंत्र बाहेरच्या नेटला जोडायचं नाही. देखभालीसाठी कंपनीची एक बंद वाट होती. ती ते काम असेल तेव्हा उघडत आणि काम झालं की मिटत. मी मात्र पाठीमागे कायमचं दार पाडलं होतं. पूजा झाली तरी डोंगल काढला नाही. घरून टाक्या बघायला बरं वाटायचं. पासवर्ड होता गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

मग एका सकाळी मी केंद्रात असताना स्क्रीनवरचा बाण आपोआप सरकू लागला. माऊस माझ्यापासून हातभर लांब होता. बाण शांतपणे फिरत होता, घरात कुणी ओळखीचं माणूस वावरावं तसा. क्लोरीनचा आकडा चढत गेला. मी पळत जाऊन हाताने व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून वाईट पाणी गावात गेलं नाही. पण गाव चार दिवस कोरडं राहिलं. दवाखान्यातलं डायलिसिस थांबलं. माझ्या शेजारच्या काकूंना जीपमध्ये घालून जिल्ह्याला न्यावं लागलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात माझ्याच सॉफ्टवेअरची छोटी चौकट उघडी होती. पोलिसांना आणि वरिष्ठांना फोन करायच्या आधी मी ते सॉफ्टवेअर पुसलं आणि डोंगल खिशात घातला. घरी जाताना पुलावरून नदीत टाकला.

चौकशी समितीला पुसलेल्याचा माग लागला नाही. वाट कुठून मिळाली, या प्रश्नाला एकच उत्तर उरलं: देखभाल अभियंत्याने कंपनीची वाट उघडी ठेवली असणार. मनोहर राव समोर बसले होते. त्यांना विचारलं, “त्या दिवशी बंद केली होती का?” ते म्हणाले, “केली असंल. आठवत नाही.” अहवालात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आला. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

हे एवढंच असतं तर कदाचित मी आयुष्यभर गिळून बसलो असतो. पण दीड महिन्याने शेजारच्या जिल्ह्यात, त्याच कंपनीने संगणक बसवलेल्या दुसऱ्या गावात तेच झालं. तिथला हाताचा व्हॉल्व्ह गंजलेला होता. पाणी नळाला गेलं. आश्रमशाळेतली पोरं उलट्या करत दवाखान्यात भरली. सगळी घरी परतली असं नंतर कळलं, आणि तेवढ्यावर मी स्वतःला बरं वाटवून घेतलं.

जयनगर

मंगळवारी संध्याकाळी मेट्रोने जयनगरला गेलो. बाजाराचे रस्ते झेंडूने पिवळे झाले होते. बायका लिंबं, केळीची पानं, ऊस निवडत होत्या. बाजाराच्या मागे दोन गल्ल्या गेलं की मोठाली झाडं आणि जुनी बसकी घरं. पत्त्यावरच्या दारात सत्तरीच्या बाई रांगोळीची जागा धूत होत्या.

“मनोहर राव इथे राहतात का?” मी मराठीतच विचारलं.

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. “तुमची मराठी इथली नव्हं. कुठनं आलात?”

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा मिटला.

“त्या पाण्यावाल्या गावचे होय.”

त्या मनोहर रावांच्या थोरल्या बहीण. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांच्या घराण्याला इथे येऊन साडेतीनशेच्या वर वर्षं झाली असं त्या सांगतात. मराठी घरात राहिली आहे, पण तिच्यात कन्नड असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही. त्यांनी मला आत बोलावलं, पण ते रीत म्हणून. कॉफी दिली. समोर बसल्या.

“पुन्हा चौकशी हाय काय?”

“नाही. भेटायला आलोय.”

“तीन वर्षं झाली. आत्ता भेटायला?” त्यांनी पदराला हात पुसले. “नोकरीला जाईल तिथं नाव विचारतात, आणि नाव टाकलं की तुमचा तो रिपोर्ट निघतो. पोरपणापासून मशिनीत हात घातलेला माणूस. आता शहराबाहेर आनेकलला पंपांच्या मोटारींना तार गुंडाळतो. एकटाच राहतो. बायको तर आधीच गेली होती त्याची.”

ते मला ठाऊक होतं. मनोहर राव आमच्याकडे असताना एकदा बोलले होते.

“उद्या मी जाणार हाय तिकडं पूजेला,” अक्का म्हणाल्या. “यायचं तर सकाळी सातला या. उशीर केलात तर थांबायची नाही. आणि काय सांगायचं ते त्याला सांगा. मला नको.”

मी पेला उचलून न्हाणीपर्यंत नेला. त्या म्हणाल्या, “ठेवा, ठेवा. पाहुणे हाय तुम्ही.” पण आवाज पाहुण्याला काढतात तसा नव्हता.

आनेकल

बुधवारी आनेकलच्या बसला केळीचे खुंट बांधलेले होते, आणि काचेवर एवढा मोठा हार की ड्रायव्हर मान वाकडी करून रस्ता पाहत होता. निघताना चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि चिरडली. शहर मागे पडेपर्यंत फुटलेले कोहळेच कोहळे. एका दुचाकीवाल्याचं चाक त्या लगद्यावरून सरकलं. तो उठला, देवाला नमस्कार केला आणि मग पालिकेला शिव्या दिल्या. अक्का पहिल्यांदा हसल्या. पुढे नाचणीची शेतं लागली, मधूनच कारखान्यांच्या लांबलचक भिंती. मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो आणि प्रत्येक थांब्यावर ते विस्कटत होतं.

दुकान एका गाळ्यात होतं. पाणी उपसायच्या मोटारी पोट उघडून ओळीने मांडलेल्या, त्यांना हळदकुंकू. मनोहर राव पाठमोरे बसून फुलं वाहत होते. केस पुरते पांढरे झाले होते. वळून त्यांनी मला पाहिलं, आणि क्षणभरात त्यांचा हात आपोआप शर्टाच्या गुंड्यांकडे गेला. साहेब आले की सावरून बसायची त्यांची जुनी सवय.

“साहेब! आलासा काय? बसा की.” मग हसून, “आता साहेब कशाला म्हणू? अण्णा म्हणतो. चालतंय नव्हं?”

अक्कांनी पाट पुढे केला. “तुमचं हत्यार काय हाय? ठेवा देवापुढं. इथं पाहुण्याचंबी ठेवतात.”

माझ्या खिशात पेन होतं आणि मोबाइल. दोन्ही पाटावर गेली. अक्कांनी त्यांना कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला. “उद्या न्यायचं.”

जेवण तिथेच, वर्तमानपत्र पसरून. लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचं चित्रान्न, भिजवलेल्या मुगाची कोसंबरी आणि होळगे, म्हणजे आपली पुरणपोळी, पण हाताएवढी, पातळ आणि वर दूध. मनोहर राव आग्रह करत होते. आमच्या गावच्या ऑपरेटरचं, चहावाल्याचं, धरणाचं विचारत होते. केंद्रातलं एकही वाईट त्यांच्या तोंडी येत नव्हतं. अर्धी होळगे माझ्या हातात तशीच राहिली.

“मनोहर राव,” मी म्हणालो, “ती वाट तुम्ही उघडी ठेवली नव्हती.”

त्यांनी वाढायला उचललेली होळगे परत ठेवली.

मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, डोंगल, झोपाळा, बाण, पुसलेलं सॉफ्टवेअर, नदी, सही. या क्रमाने नाही, कसंही. बोलताना मी मोटारींकडे पाहत होतो.

मग मनोहर रावांनी हात धुतले आणि म्हणाले, “म्हणजे मी बंद केली होती.”

“हो.”

“तीन वर्षं, अण्णा. झोपायला गेलो की मी ती वाट बंद करतो बघा. मनातल्या मनात. बटन दाबतो. दाबलं का नाही, तेच आठवत नाही. पुन्हा उठतो.” त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. “त्या दुसऱ्या गावाला मी गेलो होतो. दवाखान्यात. बाहेर उभा राहिलो. आत जायला धीर झाला नाही. एक पोरगी खिडकीत बसली होती, हातात सलाईन. तिनं मला हात केला. मी पळालो तिथनं. माझ्यामुळं म्हणून. आणि तुम्ही घरी होता.”

“हो.”

“झोपाळ्यावर.”

अक्का उठून बाहेर गेल्या. रस्त्यावर कुणीतरी कोहळा फोडला; त्याचा धप्प आवाज आला.

“मी लिहून देतो,” मी म्हणालो. “माझ्या सहीने. काय होईल ते होईल. तुमचं नाव त्यातून निघेल.”

“कधी? उद्या? परवा?” पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात धार आली. “तुमचं उद्या लई मोठं असतंय, अण्णा.”

“आत्ता.”

प्रशिक्षणात मिळालेली वही पिशवीत होती. पेन पाटावर होतं, फुलाखाली. मी हात पुढे केला आणि तो तिथेच अडकला. गंमत अशी की तेव्हासुद्धा मला वाटलं, शिवायचं कसं?

अक्का दारात परत आल्या होत्या. त्यांनी पाटाजवळ बसून फूल उचललं, बाजूला ठेवलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

“देवाचं मी बघते,” त्या म्हणाल्या. “लिवा तुम्ही.”

मी लिहिलं. दीड पान झालं. पेनाचं कुंकू अंगठ्याला लागलं आणि सहीशेजारी त्याचा ठसा उमटला. मनोहर रावांनी कागद उजेडात नेऊन दोनदा वाचला. मग स्वतःचं पेन पाटावरून घेतलं, कुणाला न विचारता, आणि माझ्या सहीखाली लिहू लागले.

“तुम्ही काय लिहिताय?”

“माझं अर्धं.”

कंपनीने संगणक बसवलेली गावं अकरा होती. अकराही ठिकाणी देखभालीचा पासवर्ड एकच होता, आणि तो मनोहर रावांनी निवडलेला. एकट्या माणसाने अकरा गावं सांभाळायची, रात्रीबेरात्री फोन, कुठे कुठला पासवर्ड लक्षात ठेवायचा? माझ्या डोंगलवाटे जो आत आला त्याला आमच्या संगणकात तो पासवर्ड आणि गावांची यादी, दोन्ही आयती मिळाली. दुसऱ्या गावाची देखभालीची वाट तिथल्या माणसांनी कामाच्या सोयीसाठी उघडी ठेवलेली होती. पुढे काही करायलाच नको होतं. कंपनीने मनोहर रावांना बजावलं होतं की समितीपुढे पासवर्डाचा विषय काढायचा नाही. त्यांनी काढला नाही.

मी त्यांचा हात धरला. “हे लिहू नका. माझंच राहू दे. तुम्ही यातून मोकळे होताय.”

अक्काही म्हणाल्या, “अरे मन्या, सुटत होतास की! कशाला स्वतःच्या हातानं?”

“आणि उरलेली नऊ गावं, अक्का? कंपनी गेली, मी गेलो, मशिनी तिथंच हायत. पासवर्ड कुणी बदलला असंल? बदलायचा असतो हेच त्यांना कुणी सांगितलं न्हाई.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही त्या दिवशी तुमचं सांगितलं असतं, मी माझं सांगितलं असतं, तर दीड महिना होता आपल्या हातात. ती पोरगी खिडकीत बसली नसती. अर्धं लिवून काय उपयोग?”

त्यांनी सही केली. त्यांचाही अंगठा लाल होता.

निघताना अक्कांनी मोबाइलही फुलाखालून काढून दिला, आणि मनोहर रावांनी मला बसपर्यंत सोडलं. माफ केलं असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही. बस सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाले, “फोन करा. तीन वर्षांनी नको.”

परत

शुक्रवारी शेवटच्या सत्रात मी हात वर केला आणि कागद वाचून दाखवला. वाचून झाल्यावर पुन्हा तोच पंख्याचा आवाज. दुसरा हात वर आला नाही. कॉफीच्या वेळी मोहंतींनी माझा हात दाबला आणि काही न बोलता सोडला. वसुधा मॅडमनी प्रत मागून घेतली. म्हणाल्या, “मी वर पाठवते. पण नियमाने हे तुमच्या कार्यालयामार्फतच यायला हवं. तुमचे साहेब पाठवतील?”

गावी परतल्यावर माझ्या साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. मिटलेली फाइल कशाला उकरताय, निवृत्तीला चार वर्षं राहिली, हे सगळं म्हणून झालं. मग त्यांनी सहीवर बोट ठेवलं.

“हा डाग कसला?”

“कुंकवाचा.”

“स्वच्छ प्रत आणा. आणि हा खालचा मजकूर कशाला? वेगळ्या अक्षरात आहे. बाहेरच्या माणसाचा. अकरा गावं म्हटलं की विषय आपल्या हाताबाहेर जातो. तुमच्यापुरतं ठेवा, मग बघू.”

मी मनोहर रावांना फोन केला. साहेबांचं म्हणणं सांगितलं. “खालचं काढलं तर निदान तुमच्यावरचा ठपका पुसला जाईल,” मी म्हणालो. “काढू?”

पलीकडे एक मोटार चालू झाली, घरघरली, थांबली.

“नको,” ते म्हणाले.

स्वच्छ प्रत मी दिलेली नाही. माझी फाइल कुठल्या टेबलावर आहे ते मला कळत नाही, आणि मनोहर रावांचं नाव अहवालात जिथे होतं तिथेच आहे. डागाच्या कागदाच्या नऊ झेरॉक्स काढल्या. झेरॉक्समध्ये कुंकू काळं येतं. नऊ गावांच्या पाणीपुरवठ्याला त्या रजिस्टर पोस्टाने पाठवल्या, पोचपावतीसह.

आजपर्यंत एक पोच आली आहे.